जमलं नाही म्हणून शिकवतात?

"स्वतःला काही जमलं नाही, म्हणून आता दुसऱ्यांना शिकवतात." हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे. क्लासच्या सरांबद्दल ऐकू येतं, गाण्याच्या बाईंबद्दल ऐकू येतं, आणि गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभ्या असलेल्या कोचबद्दल तर हमखास. याला एक जुळं भावंडही आहे: "एवढा मोठा खेळाडू होता, म्हणजे कोच म्हणून भारीच असणार!" पहिलं वाक्य कुत्सित, दुसरं भाबडं. पण दोन्हीच्या पोटात एकच समजूत आहे, की शिकवणं हा खेळण्याचाच शेवटचा भाग. खेळ संपला की गाठीला जे उरतं ते पोरांना वाटायचं. ज्याच्याकडे जास्त उरलं तो मोठा कोच, ज्याच्याकडे कमी तो छोटा.

मला हे पटत नाही. खेळणं आणि शिकवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. एकातून दुसऱ्यात जाणारा माणूस बढती घेत नाही आणि हार मानूनही जात नाही. तो नवीन काम शिकायला बसतो, तेही बऱ्यापैकी उशिरा.

आपल्या आयटीवाल्यांना हे खरं तर लगेच कळायला हवं. टीममधला सगळ्यात हुशार प्रोग्रॅमर उचलायचा, त्याला लीड करायचं, आणि मग सहा महिन्यांनी आश्चर्य करत बसायचं की पोरं राजीनामे का देतायत. एक चांगला प्रोग्रॅमर गेला, एक वाईट मॅनेजर मिळाला. स्वतः कोड लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याचा कोड का फाटतोय ते त्याच्याच डोक्यात शिरून शोधणं वेगळं. हे आपण रोज बघतो. पण खेळाचा विषय निघाला की विसरतो.

आधी जरा लांबचं उदाहरण घेतो, कारण ते फार स्वच्छ आहे. फिगर स्केटिंग. म्हणजे बर्फावर संगीताच्या तालात उड्या, गिरक्या आणि मग परीक्षकांचे गुण. आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्यात मिळतो, त्यामुळे हा खेळ आपण चार वर्षांतून एकदा टीव्हीवर बघणार. कॅनडाचा ब्रायन ऑर्सर हा त्यातला एक मोठा स्केटर. १९८४ च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये रौप्य. १९८७ मध्ये जगज्जेता. मग १९८८ चं ऑलिंपिक थेट त्याच्याच देशात, कॅल्गरीला. समोर अमेरिकेचा ब्रायन बॉयटानो. दोन ब्रायन, म्हणून या लढतीला तेच नाव पडलं. ऑर्सरने ठरवलेला दुसरा ट्रिपल ॲक्सेल ऐन वेळी डबल केला, आणि केसभर फरकाने पुन्हा रौप्य. घरच्या प्रेक्षकांसमोर.

आता आपल्या त्या वाक्याप्रमाणे बघायचं तर ऑर्सर म्हणजे "जमलं नाही" मध्ये जमा. दोन ऑलिंपिक, दोन रौप्य, सुवर्ण नाही. पण पुढे टोरांटोच्या क्लबमध्ये हा माणूस शिकवायला लागला आणि २०१० मध्ये कोरियाच्या किम यु-नाने त्याच्या हाताखाली ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. मग जपानचा युझुरु हान्यू. २०१४ सुवर्ण, २०१८ सुवर्ण. त्याच २०१८ च्या स्पर्धेत कांस्य मिळालं स्पेनच्या हाविएर फर्नांडेझला, आणि तोही ऑर्सरचाच विद्यार्थी. म्हणजे एकाच क्लबात, एकाच बर्फावर, एकमेकांना हरवायला निघालेली दोन पोरं आणि दोघांचा कोच एक! फर्नांडेझने २०१५ आणि २०१६ अशा दोन्ही जागतिक स्पर्धांत हान्यूला मागे टाकलं होतं. त्या दिवशी कोचने कुठल्या चेहऱ्याने उभं राहायचं? खेळाडूला आयुष्यात हा प्रश्न कधी पडत नाही. त्याला एकच बाजू असते, स्वतःची.

पण टोरांटोपर्यंत जायची खरं तर गरज नाही. आमच्या चौकहून जुन्या मुंबई-पुणे हायवेने मुंबईच्या दिशेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात पनवेल. (चौक म्हणजे चार रस्त्यांचा चौक नव्हे, गावाचं नावच चौक. खालापूर तालुका. कर्जतकडे वळायचा फाटा इथेच लागतो. वीकेंडला कर्जतच्या फार्महाउसवर जाणाऱ्या बऱ्याच जणांनी इथे वडापाव खाल्लेला असतो, पण गावाचं नाव विचारलं तर आठवत नाही.) तर या पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. फिगर स्केटिंग आणि नेमबाजी यांचा संबंध काय, असं वाटेल. दिसायला काहीच नाही. एकीकडे सगळं शरीर हवेत, दुसरीकडे शरीर दगडासारखं स्थिर. पण दोन्हीकडे माणूस वर्षानुवर्षं एकच हालचाल घासत बसतो, आणि निकाल लागतो तो नखाएवढ्या फरकाने.

नखाएवढा हा शब्दसुद्धा मोठाच झाला. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. पेनाने वहीवर टिंब द्यावं तेवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहा मीटरवर उभं राहून, जाड कडक जॅकेट घालून, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळत त्या टिंबाला लावायचं. एकदा नाही, चाळीस वेळा. (बायकांच्या स्पर्धेत तेव्हा चाळीस शॉट होते, आता साठ असतात.) २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी चाळीसच्या चाळीस दहा मारले. ४०० पैकी ४००. विश्वविक्रमाशी बरोबरी. याहून जास्त गुण त्या पद्धतीत शक्यच नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अथेन्स ऑलिंपिक. त्यातलं पहिलं सुवर्णपदक याच प्रकारात दिलं गेलं, ते चीनच्या डू ली हिला. सुमा आठ जणींच्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि आठव्या आल्या.

इथे थांबून जरा विचार करा. काही महिन्यांपूर्वी चारशे पैकी चारशे, आणि ऑलिंपिकच्या फायनलला आठवा नंबर. हात तेच, डोळे तेच. मग बदललं काय? ज्याला या प्रश्नाचं उत्तर शोधायची खाज आहे, त्याच्यात कोच व्हायचं बी आहे असं मी म्हणेन. सगळ्यांना ती खाज नसते. बऱ्याच जिंकलेल्यांना आपण का जिंकलो ते सांगता येत नाही. "बस, लागत गेलं", एवढंच. चुकलेल्याला मात्र चुकलेला शॉट दिवसातून दहा वेळा आठवतो. पण हा नियम नाही हं. चुकलेल्यांतलेही बरेचसे नुसते कुढतात आणि आयुष्यभर पंचांना शिव्या देतात. हरणं हे कोचिंगचं सर्टिफिकेट नव्हे. हरण्याचं काय केलं, ते बघायचं.

सुमा यांनी क्लब सुरू केला २००६ मध्ये, म्हणजे स्वतः खेळत असतानाच. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतही त्या भारताकडून खेळल्या. म्हणजे "खेळ संपला, आता शिकवते" हा क्रमच इथे लागू होत नाही. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालली होती.

आता माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा. अवनी लेखरा. जयपूरची मुलगी. २०१२ मध्ये गाडीच्या अपघातात मणक्याला इजा झाली, तेव्हापासून व्हीलचेअरवर. २०१५ मध्ये जयपूरलाच नेमबाजी सुरू केली, पुढे सुमा तिच्या कोच झाल्या. टोकियो पॅरालिंपिक कोविडमुळे २०२१ मध्ये झालं. ३० ऑगस्टला अवनीने दहा मीटर एअर रायफलमध्ये २४९.६ गुणांसह सुवर्ण जिंकलं. पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. त्याच टोकियोत पन्नास मीटर थ्री पोझिशनला कांस्य. मग २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा त्याच दहा मीटरला, पुन्हा ३० ऑगस्टलाच, २४९.७ गुण आणि पुन्हा सुवर्ण.

अवनीच्या या प्रकाराच्या नावात 'स्टँडिंग' असा शब्द आहे. पण व्हीलचेअरवरचे नेमबाज तो बसूनच खेळतात, फक्त कोपर कशावरही टेकवायचं नाही. उभा नेमबाज आपला तोल पायांपासून बांधत वर नेतो. पाऊल कुठे, गुडघा कसा, कमरेचं हाड किती पुढे, रायफलचं वजन कुठल्या हाडावर येतंय. चारशे पैकी चारशे मारताना सुमा यांच्या शरीराने जे काही पाठ केलं होतं, त्यातला पायांपासून कमरेपर्यंतचा हिशेब अवनीला देऊन उपयोग नव्हता. तो तिच्या शरीराला लागूच पडत नाही. म्हणजे "माझ्याकडे उरलेलं तुला देते" हे इथे शक्यच नव्हतं. दुसऱ्या माणसाचा तोल कुठून सुरू होतो, ते पहिल्यापासून समजून घ्यावं लागणार. खुर्ची, पाठ, खांदा, श्वास, सगळं नव्याने. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअरच वेगळं. जुना कोड कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

हे काम खेळण्याचं शेपूट कसं असेल? हा स्वतंत्र धंदा आहे. २०२२ चा द्रोणाचार्य पुरस्कार सुमा शिरूर यांना मिळाला, तो पॅरा नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी. खेळाडू म्हणून मिळालेला अर्जुन पुरस्कार वेगळा आणि हा वेगळा. सरकारी याद्यांनासुद्धा दोन कामांतला फरक कळतो, मग आपल्याला कळायला हरकत नसावी.

अथेन्सच्या त्याच भारतीय संघात मुंबईच्या दीपाली देशपांडे होत्या. प्रकार पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन. ऑलिंपिकचं पदक नाही, फायनलही नाही. वीस वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ ला, पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने थ्री पोझिशनलाच कांस्य जिंकलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू. त्याच्या कोच दीपाली देशपांडे. आणि या दोघींना, म्हणजे सुमा आणि दीपाली यांना, ज्यांनी घडवलं त्या संजय चक्रवर्ती सरांचं २०२१ मध्ये निधन झालं. शिष्येच्या शिष्याचं ऑलिंपिक पदक बघायला ते राहिले नाहीत. सर, मग त्यांच्या शिष्या, मग शिष्यांचे शिष्य. आपण फोटो बघतो तो शेवटच्या टोकाचा.

क्रिकेटवाल्यांना सांगायची गरजच नाही. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एक सामना खेळले. एकच! मोजायचंच असेल तर "जमलं नाही" मध्ये त्यांना पहिलं बसवावं लागेल. पण शिवाजी पार्कात कोणी तसं म्हणून दाखवावं...

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे कोच लोकांची आरती होईल.

पुन्हा फिगर स्केटिंगकडे येतो. रशियाच्या एतेरी तुतबेरिद्झे. जन्म १९७४, म्हणजे सुमा शिरूर यांच्याच वर्षीचा. यांचीही खेळाडू म्हणून कारकीर्द दुखापतीने मोडली, ऑलिंपिकपर्यंत गेल्याच नाहीत. कोच म्हणून मात्र मुलींची रांग लावली. २०१४ मध्ये युलिया लिपनित्स्काया पंधराव्या वर्षी सांघिक सुवर्ण जिंकली. २०१८ मध्ये अलिना झागितोवा, तीही पंधरा वर्षांची, वैयक्तिक सुवर्ण. लिपनित्स्कायाने एकोणिसाव्या वर्षी खेळ सोडला, कारण खाणंच सुटलं होतं, त्यावर उपचार घ्यावे लागले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची कमिला वालियेवा. स्पर्धा चालू असतानाच तिची आधीची डोपिंग चाचणी सदोष निघाल्याचं बाहेर आलं. त्या दडपणाखाली ती अंतिम कार्यक्रमात पुन्हा पुन्हा पडली, आणि रडत बाहेर आली तेव्हा कोचने तिला जवळ घेतलं नाही. तू लढणं का सोडलंस, असं विचारलं. हे सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सीनियर स्पर्धेचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर न्यायचं ठरवलं. वालियेवावर पुढे चार वर्षांची बंदी आली.

म्हणजे स्वतःची भूक भागली नाही की ती दोन वाटांनी जाऊ शकते. एक वाट, "मला जे कळलं नाही ते या पोरीला कळायला मदत करू." दुसरी वाट, "मला जे मिळालं नाही ते ही पोर मला आणून देईल." बाहेरून दोन्ही क्लब सारखेच दिसतात. दोन्हीकडे शिस्त असते, पहाटे पाचची प्रॅक्टिस असते, भिंतीवर मेडलचे फोटो असतात. पहिल्या चार वर्षांत दुसरी वाट जास्त पदकंसुद्धा देऊ शकते. म्हणून पदकांवरून कोच जोखणं धोक्याचं आहे. मी आईबाप असतो तर एकच गोष्ट विचारली असती: इथून जी पोरं पदकाशिवाय बाहेर पडली, ती आज काय करतात? खेळाचं नाव निघालं की हसतात, की विषय बदलतात?

आता आपल्याकडच्या व्यवस्थेकडे या. टोकियो ऑलिंपिकला भारताचे पंधरा नेमबाज गेले आणि एकही पदक आलं नाही. लगेच सगळीकडे ओरड सुरू, कोच बदला, कोच बदला. हरले तर कोच पहिला दिसतो. जिंकले तर? पॅरिसमध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं मिळवली. तिचे कोच जसपाल राणा अधिकृत पथकात नव्हते, ते प्रेक्षकांत बसून बघत होते. ऑलिंपिकमध्ये दोन पदकं जिंकणाऱ्या पोरीचा कोच स्टँडमध्ये! आपण यावर कौतुकाने म्हणतो, वा, काय साधेपणा. साधेपणा कसला, खुर्चीच ठेवली नव्हती.

आमच्या चौकला हे जरा लवकर समजेल. गावाशेजारी मोरबे धरण आहे. पाऊस पडतो इर्शाळच्या डोंगरांवर, पाणी साठतं इथे, आणि नळाला येतं नवी मुंबईत. पाणीकपात झाली की नेरूळ-वाशीवाल्यांना मोरबे आठवतं. नळ चालू असताना कोणाला आठवावं? कोचचं काम असंच आहे. साठवण एकीकडे, नळ दुसरीकडे.

हे सगळं लिहायला बसलो, कारण गेले दोन महिने आमच्या घरात याच विषयावर रण पेटलंय. माझ्या चुलत भावाची मुलगी चोवीस वर्षांची आहे. एअर रायफल. सहा वर्षं चौकहून पनवेलला जा-ये केली, कधी एसटी, कधी सहा सीटर, पाठीवर ती लांबलचक बॅग. राज्य पातळीपर्यंत पोचली, भारतीय संघापर्यंत नाही. गेली दोन वर्षं ती एका क्लबमध्ये लहान मुलांना शिकवायला मदत करते. आता तिला चौकलाच दहा मीटरची छोटी रेंज काढायची आहे. गावात एका बंद पडलेल्या भाताच्या गिरणीची शेड आहे, भाड्याने मिळतेय. मालकाला दिवाळीपर्यंत डिपॉझिट हवंय. दुसऱ्या बाजूला खोपोलीच्या एका कारखान्यात ऑफिसची नोकरी तयार आहे, पगार महिन्याच्या महिन्याला.

घरात जे चाललंय ते तुम्ही ओळखलंच असेल. आत्या म्हणते, "अगं, तुलाच मेडल नाही, तर तुझ्याकडे पोरं कशाला येतील?" वहिनी काही बोलत नाही, पण बघायला येणाऱ्या स्थळांना "ती शूटिंग शिकवते" सांगायचं की "खोपोलीला नोकरी करते" सांगायचं, याचा तिला घोर आहे. भाऊ रायफलच्या किमतीचा हिशेब काढतो. परदेशी रायफल काही लाखांच्या खाली येत नाही, हे खरंच आहे, त्याचं म्हणणं खोटं नाही.

मी तिला विचारलं, तुला खरंच शिकवायचंय, की खेळ सुटवत नाही म्हणून? ती म्हणाली, "काका, माझा शॉट गेला की मला राग यायचा. पोरांचा गेला की मला प्रश्न पडतो."

यापुढे मला तिच्या मेडलची चौकशी करावीशी वाटली नाही. राग येणारा माणूस खेळाडू म्हणून ठीक आहे, प्रश्न पडणारा माणूस कोच म्हणून. तिच्यात ही अदलाबदल झालेली दिसते, आणि सहा वर्षांच्या जा-येतून ती झालेली आहे. आत्याच्या हिशेबात ती सहा वर्षं वाया गेली. माझ्या हिशेबात ते शिक्षण होतं. फक्त त्याची पदवी अजून हातात आलेली नाही. ती पदवीसुद्धा घेता येते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांचा डिप्लोमा १९६१ पासून आहे. मी तिला सांगितलंय, शेड घे, पण डिप्लोमाची तयारीही आजपासून सुरू कर. नुसतं "मी खेळलेय" यावर आयुष्य काढू नकोस. धंदा वेगळा आहे, तर तो वेगळा शिकायलाही हवा.

आणि एक गोष्ट फार सोपी आहे, जी आपण शहरी लोक विसरतो. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. या खेळाला स्टेडियम लागत नाही, हिरवळ लागत नाही, बर्फ तर नाहीच नाही. एक लांब शेड, मागे भक्कम भिंत, नीट उजेड, सुरक्षेचे काटेकोर नियम, आणि ते नियम पाळून घेणारं एक माणूस. खेड्यात शेड मिळते. माणूस मिळत नाही, कारण तो तयार होत आला की आपणच त्याला सांगतो, आता नोकरी बघ. कांबळवाडीचा पोरगा ऑलिंपिकला गेला याचं कौतुक आपण केलं. पण गुणी पोरांची संख्या खेड्यात कमी आहे म्हणून असे किस्से विरळ आहेत असं मला वाटत नाही. एसटीच्या अंतरावर कोच नाही, म्हणून विरळ आहेत. चौकच्या पोराला पनवेल तरी आहे. कर्जतच्या आतल्या वाड्यांवरच्या पोराला तेही लांब.

आता हा लेख वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पगार बरा आहे. काहींनी कर्जत-चौक पट्ट्यात सेकंड होम घेतलंय किंवा घ्यायचं चाललंय. मुलांना कुठला ना कुठला क्लास लावलेलाच असतो. तुमच्याकडून मला देणगी नको आहे. तीन साध्या गोष्टी करता येतील.

पहिली, कोचची फी वेळेवर द्या आणि घासाघीस करू नका. जिमची वर्षाची फी आपण एका स्वाइपमध्ये भरतो आणि कोचला मात्र "सर, या महिन्यात चारच दिवस आला ओ" म्हणून पैसे कापतो. त्याचं घर महिन्याच्या हिशेबावर चालतं, हजेरीच्या नाही.

दुसरी, कोचला त्याचा बायोडेटा विचारण्याआधी एकदा बाजूला बसून त्याची प्रॅक्टिस बघा. पोर चुकल्यावर तो आधी काय करतो? ओरडतो, गप्प बसतो, की जवळ जाऊन काहीतरी विचारतो? वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोराकडे तासाभरात किती वेळा जातो? हे बघायला खेळातलं काही कळावं लागत नाही.

तिसरी, ते सुरुवातीचं वाक्य बोलणं बंद करा. गमतीतसुद्धा. कारण ते वाक्य कोचपेक्षा जास्त लागतं ते चोवीस वर्षांच्या, मेडल नसलेल्या आणि शिकवायची आवड असलेल्या पोरांना. ती ते ऐकतात आणि खोपोलीची नोकरी धरतात. त्या नोकरीत वाईट काही नाही, पण तिथे त्यांच्याजागी दुसरं कोणीही बसू शकलं असतं. शेडमध्ये मात्र नाही.

दिवाळीला अजून दोन महिने आहेत. डिपॉझिटचे अर्धे पैसे तिच्याकडे जमलेत, उरलेले मी देतोय. उधार, व्याज नाही, पण परत हवेत असं तिला बजावून सांगितलंय. वहिनीला मात्र मी अजून पटवू शकलेलो नाही. ती म्हणते, भावजी, तुमचं बोलणं ऐकायला बरं वाटतं, पण पोरगी माझी आहे. तिचंही बरोबर आहे. या गोष्टीची हमी कोणी देऊ शकत नाही, मीही नाही. एवढंच म्हणेन की ती शेड चालली नाही, तर त्याला कारणं असतील. भाडं असेल, रायफलची किंमत असेल, पोरं कमी आली असतील. "तिला स्वतःला जमलं नव्हतं" हे त्यातलं एकही कारण नसेल.